पाच वॅटचा गूढ आवाज

रविवार, २ नोव्हेंबर २०२५. सकाळी ११.

ॲम्प आला. सोलापूरहून एसटीच्या पार्सलने. लोहाऱ्याच्या स्टँडवर स्वतः जाऊन उतरवून घेतला आणि मोटारसायकलवर मांडीत धरून सास्तूरला आणला. गिटारचा ॲम्प (तिचा आवाज मोठा करणारं यंत्र), व्हॉल्व्हचा, पाच वॅट. आकाराने बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्याएवढा. आत काचेचे दोन व्हॉल्व्ह, जुन्या रेडिओत असायचे तसले. सेकंडहँड आहे, साधा आहे. पण साधा म्हणजे वाईट नव्हे, अपूर्ण. अपूर्ण गोष्ट पूर्ण करायला विज्ञान शिक्षकच लागतो.

बी.एड.ला असल्यापासून गिटार वाजवतो. वीस वर्षं. तीन कॉर्ड पक्के आहेत. चौथा, एफ, भण्ण वाजतो. आज नव्या ॲम्पवरही भण्णच वाजला. बोटांना वीस वर्षांचा सराव आहे, ॲम्पला नाही. म्हणजे दोष कुणाचा हे उघड आहे.

टोन पातळ आहे. वर्षाराणीला (पत्नी, अंगणवाडी सेविका) ऐकवला. म्हणाली, पातळ म्हंजे कसा? म्हटलं, वरणासारखा. ती म्हणाली, वरण पातळच असतंय की. तिच्याशी टोनवर बोलायचं नाही असं ठरवलं.

संकल्प: आतले भाग बदलून टोन जाड करणे. चार रविवार पुरतील. ३० नोव्हेंबरला काम फत्ते.

बुधवार, ५ नोव्हेंबर. संध्याकाळी.

अकरा व्हिडिओ पाहिले. कपॅसिटर नावाचा भाग वीज साठवतो. प्लग काढला तरी साठवून बसतो. तीनशे व्होल्ट, कधीकधी तासन् तास. हे मला माहीत होतंच. फक्त तीनशे हा आकडा कुणी असा तोंडावर सांगितला नव्हता.

ॲम्प टीपॉयवर होता, माझ्या खुर्चीपासून दोन हातांवर. तो मागच्या खोलीत ठेवला. खोलीला कुलूप लावलं. वर्षाराणीने विचारलं, कुलूप कशाला? म्हटलं, मांजर. आपल्याकडं मांजर न्हाय, असं तिने लक्षात आणून दिलं.

भीती नव्हे. सावधगिरी.

रविवार, ९ नोव्हेंबर. दुपारी २.

ऑपरेशन झालं. तयारी: पायात रबरी बूट, खाली लाकडी पाट, एक हात खिशात. एक हात खिशात ठेवणं हा जगभरचा नियम आहे. दोन्ही हात लागले तर करंट छातीतून जातो.

अडचण अशी की सोल्डरिंग करायला एका हातात गन लागते आणि दुसऱ्यात तार. दुसरा हात खिशातून काढावा की नाही यावर अर्धा तास विचार केला. शेवटी वर्षाराणीला बोलावलं. ती म्हणाली, मग मला काळीज न्हाय का? म्हटलं, तू बूट घाल.

तिने बूट न घालता वीस मिनिटांत तीन कपॅसिटर बदलले. साडीला फॉल लावताना बसते तशी बसली होती. मी दारातून मार्गदर्शन केलं. मार्गदर्शन अवघड असतं, घाम फुटला.

व्हिडिओवाल्याने मूळच्या दुप्पट कपॅसिटर टाका म्हटलं होतं. मी दहापट आणले होते. जाडच टोन हवा तर हात आखडता का घ्यायचा?

मंगळवार, ११ नोव्हेंबर.

छोटा स्पीकर हा आता ॲम्पचा अपमान आहे. लोहाऱ्याच्या शिवकुमार मंडपवाल्याकडे डीजेचा जुना बॉक्स पडून होता, पंधरा इंची स्पीकरचा. तो मागून आणला. व्हिडिओ सांगतो की बॉक्स फरशीवर ठेवू नये. मागच्या खोलीत जमिनीखाली पाण्याची टाकी आहे, तिला पत्र्याचं मोठं झाकण आहे. झाकणावर ठेवला. झाकण म्हणजे फरशी नव्हे.

आता मुरवणे. नवे कपॅसिटर शंभर तास चालू ठेवावे लागतात, लोणच्यासारखे. गिटार जोडायची नाही, नुसता ॲम्प चालू. मात्र एखादा भाग फुटू शकतो, असं एकाने कमेंटमध्ये लिहिलंय. म्हणून ॲम्पवर दोन गोधड्या, खोलीला कुलूप, आणि बटण एक्स्टेंशन काढून ओसरीवर. शाळेतून आलो की साडेचारला बटण दाबणार आणि अंगणात बसून लक्ष ठेवणार. लक्ष दुरूनही ठेवता येतं.

बुधवार, १२ नोव्हेंबर. संध्याकाळी ७.



साडेचारला ॲम्प लावला. अंगणात बसलो. आई तांदूळ निवडत होती. पाच मिनिटं झाली नाहीत तोच जमिनीतून आवाज. धप. धप. धप. कानाला कमी आणि तळपायाला जास्त. परातीतले तांदूळ हलले. आईने परात तशीच टाकली आणि रस्त्यावर गेली. मी आधीच रस्त्यावर होतो.

शेजारचे गुंडप्पा (किराणा दुकान, वय साठ) दुकान उघडं टाकून अनवाणी बाहेर आले. बघता बघता गल्ली भरली. सगळ्यांचं एकच, गूढ आवाज. आपल्या भागात जमिनीतून असे आवाज येतात, पेपरात येतं, चार दिवसांत विसरतात. पण इतक्या जवळून मी पहिल्यांदा ऐकला. वीस मिनिटांनी लाईट गेली आणि आवाजही थांबला.

सुदैवाने ॲम्पला काही झालेलं नाही.

गुरुवार, १३ नोव्हेंबर.

पुन्हा आला. ॲम्प लावून चहा घेत होतो, कप अर्धाही झाला नव्हता. मी पळालो नाही. चालत गेलो. चपला घरात राहिल्या एवढंच.

आईने खाट बाहेर कडुलिंबाखाली काढली. म्हणाली, म्या आत झोपणार न्हाय. समजावलं की आई, हे घर भूकंपरोधक आहे, त्र्याण्णवच्या भूकंपानंतर मुद्दाम तसं बांधून दिलंय. ती म्हणाली, घर आसंल रोधक. म्या न्हाय.

आईला आवाजाचं वावडं आहेच. त्याबद्दल इथे लिहायचं नाही.

रविवार, १६ नोव्हेंबर.

वर्षाराणी बेंबळीला गेली. बहिणीचं बाळंतपण, पंधरा-वीस दिवस तरी लागतील. घरी आता मी आणि आई.

सुट्टी असल्याने ॲम्प सकाळी नऊला लावला. नऊ वाजून पाच मिनिटांनी आवाज सुरू. दिवसभर. आज गल्लीत कुणी घरात जेवलं नाही. मी पण अंगणात उभ्याने खाल्लं.

वर्षाराणीचा फोन आला. सगळं सांगितलं. तिने पहिला प्रश्न काय विचारावा? तुमचा त्यो डबा चालू हाय का? मी शांतपणे समजावलं की त्याला गिटारच जोडलेली नाही, मग आवाज येईल कशाचा? ती म्हणाली, एकदा बंद करून तर बघा. म्हटलं, चोवीस तास झालेत, मध्येच तोडला तर मुरणं बिघडेल. अंगणवाडी आणि माध्यमिक शाळा यांत हाच फरक आहे.

मंगळवार, १८ नोव्हेंबर.

तहसीलचे दोघे बारा वाजता येऊन गेले. भूकंपाच्या मशीनवर कसलीही नोंद नाही, घाबरू नका, म्हणाले. गुंडप्पा त्यांना म्हणाले, सायेब, पाच वाजंपातुर थांबा, मंग सांगा घाबरू नका म्हनून. ते दोनला गेले.

मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. सास्तूरला तुम्ही राहता, विज्ञान तुमचा विषय, लोकांना धीर द्या. गुरुवारी पाच वाजता ग्रामपंचायतीसमोर माझं व्याख्यान. विषय: जमिनीतील आवाज, घाबरू नका.

गुरुवार, २० नोव्हेंबर. रात्री ८.

व्याख्यानाला दोनशे माणूस. जाताना ॲम्प लावून गेलो होतो, उगाच तास वाया का घालवा. भूकंपात काय करावं हे सांगितलं. घाबरू नये. आधी मेन स्विच बंद करावा. मग बाहेर पडावं. टाळ्या मिळाल्या. खडकातल्या पोकळ्यांवर आलो तेवढ्यात कुणाच्या तरी फोनवर बातमी आली की गुरुजींच्या गल्लीत पुन्हा सुरू झालं. सगळे उठून पळाले. मी मंचावरून उतरलो तो सगळ्यांच्या पुढे. मार्गदर्शकाने पुढेच असावं. फक्त गर्दी गल्लीकडे बघायला चालली होती आणि मी उलट्या दिशेला.

आजपासून माझीही खाट बाहेर. आईला सोबत म्हणून.

शनिवार, २२ नोव्हेंबर.

भावनेच्या आहारी न जाता वहीत तक्ता केला. निरीक्षणं:

आवाज शाळेच्या दिवशी साडेचारनंतर येतो. सुट्टीला सकाळपासून. लाईट गेली की थांबतो, आली की चार-पाच मिनिटांनी सुरू. बुधवारी मला शाळेत मीटिंग होती, सहा वाजले घरी यायला, तर त्या दिवशी आवाज सहानंतर.

थरारक आहे. भूगर्भाला लोडशेडिंगचं वेळापत्रक कसं कळतं? आणि आमच्या शाळेचं?

विचार करता करता उत्तर सापडलं. बोअर. लाईट आली की शेतकरी मोटारी लावतात, पाणी उपसतं, खाली पोकळी होते, पोकळी बोंबलते. इतकं सोपं.

सोमवार, २४ नोव्हेंबर.

गल्लीची बैठक घेऊन बोअर बंद ठेवायला लावले. गुंडप्पांचा हरभरा पाण्याला आलाय, तरी त्यांनी माझ्या शब्दावर दोन दिवस मोटार बंद ठेवली. आवाज आलाच. नेहमीपेक्षा चोख आला. गुंडप्पा म्हणाले, गुरुजी, आता काय बंद करू? म्हटलं, धीर सोडू नका.

रात्री गार असतं. आई सकाळी दोनदा खोकली.

बुधवार, २६ नोव्हेंबर. संध्याकाळी ६.

कसं लिहू कळत नाही. लिहूनच टाकतो.

पावणेपाचला आवाज आला. पळणार तोच स्वतःचंच व्याख्यान आठवलं. आधी वीज बंद करावी. मेन स्विच दूर होता, ओसरीवरचं ॲम्पचं बटण हाताशी होतं. तेच दाबलं.

आवाज थांबला.

योगायोग. बटण परत लावलं. चार मिनिटांनी धप. बंद केलं, थांबला. लावलं. धप. योगायोग तीनदा होऊ शकतो. असं आठ वेळा केलं. आठव्या वेळेला गुंडप्पा रस्त्यावरून ओरडले, गुरुजी पळा, आज लई येतंय!

मी ओसरीवर बसून राहिलो. बटणावर बोट तसंच.

गुरुवार, २७ नोव्हेंबर.

दोषाला नाव आहे. कपॅसिटर फाजील मोठे घातले की ॲम्प स्वतःचाच आवाज स्वतःला पाजत बसतो. गिटारची गरज नाही. त्यात खाली अर्धी रिकामी टाकी आणि वर पत्रा, म्हणजे नगाराच. शास्त्रीयदृष्ट्या पाहिलं तर मी एक शोध लावला आहे. जाहीर करायची ही वेळ नव्हे.

गावात निम्मी माणसं बाहेर झोपतात. तहसीलच्या कागदावर गल्लीचं नाव आहे. माझं व्याख्यान फोनवर फिरतंय. हे कळलं तर मारतील का? मारणार नाहीत. गुरुजी म्हणायचं बंद करतील. मला त्याची जास्त भीती वाटते हे आज पहिल्यांदा कळलं.

निर्णय: ॲम्प कायमचा बंद. आवाज थांबेल, लोक विसरतील, आई आत येईल. कुणाला काही सांगायची गरज नाही. वर्षाराणीला तर नाहीच.

रविवार, ३० नोव्हेंबर.

चार दिवस शांतता. एकेक खाट आत गेली. काल गुंडप्पाही आत गेले. योजना अगदी ठरल्याप्रमाणे.

आई सोडून. तिला म्हटलं, आई, आवाज थांबला, चल आत. ती म्हणाली, थांबला म्हनूनच न्हाय यायची. गप झालंय, म्हंजे येनार. मला ठाव हाय.

मीही बाहेरच आहे. सोबत.

मंगळवार, २ डिसेंबर.

आईला ताप. डॉक्टरांना दाखवलं. छाती तपासून म्हणाले, यांना रात्री घरात झोपवा, या वयात छातीत उतरलं तर ॲडमिट करावं लागेल. आई घरी आल्यावर म्हणाली, डाक्टर पुन्याचा हाय, त्याला काय ठाव. आणि खाटेवर जाऊन बसली.

शेकोटी केली, दोन कानटोप्या घातल्या, ताडपत्री बांधली. रात्री तीन वेळा तिच्या श्वासाचा आवाज ऐकला, घरघर होती. घाबरलो. ही सावधगिरी नव्हे, घाबरलो.

उद्या तिला खरं सांगायचं. पक्कं.

बुधवार, ३ डिसेंबर.

सांगितलं नाही. सकाळी तिला नुकतीच झोप लागली होती. संध्याकाळी गुंडप्पा बसले होते.

गुरुवार, ४ डिसेंबर.

दत्तजयंती. सणाच्या दिवशी असलं काही सांगू नये.

शुक्रवार, ५ डिसेंबर.

घशापर्यंत आलं होतं. तेवढ्यात आई म्हणाली, तू हाईस म्हनून मला धीर हाय. मग कसं सांगणार? वर्षाराणीला फोन करून तिला सगळं सांगितलं.  मी म्हटलं नव्हतं का, असं ती म्हणाली नाही. म्हणाली, आत्याबाईंना आजच्या आज सांगा, त्यांना काय झालं तर तुमी सवताला माफ करणार न्हाय. फोन ठेवला. आजच्या आज म्हणजे उद्या सकाळी.

शनिवार, ६ डिसेंबर. दुपारी.

सकाळी चहा देताना सांगून टाकलं. एका दमात. ॲम्प, बॉक्स, टाकी, बटण, सगळं. म्हटलं, आई, खाली काही नाही. तो माझा आवाज होता. तू आत चल.

तिने चहा पूर्ण प्याला. मग माझ्या गुडघ्यावर थोपटलं आणि म्हणाली, मला धीर द्यायला बोलतुयस, कळतंय मला. म्हटलं, आई, खरंच. ती म्हणाली, तुजं आबा बी असंच म्हनलं व्हतं. म्या त्यांना उठवलं त्या राती. म्हनलं, आवं, खालनं काय तर गुरगुरतंय. त्यांनी म्हनलं, ट्रक आसंल, नीज. म्या निजले.

हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं. बत्तीस वर्षांत.

मी बारा वर्षांचा होतो. विसर्जनाहून दमून येऊन झोपलो होतो. आईने मला हाताला धरून ओढत अंगणात आणलं आणि शिवकन्येला आणायला मागे वळली. मागे घर नव्हतं. माझी बहीण सहा वर्षांची होती. आबांना दुपारी बाहेर काढलं. त्यानंतर ते तेवीस वर्षं जगले, पण रस्त्याने ट्रक गेला की उठून अंगणात जाऊन बसायचे. मला वाटायचं, त्यांना ट्रक बघायला आवडतं.

आणि मी आज तिला तेच सांगितलं. काही नाही, झोप.

रविवार, ७ डिसेंबर. संध्याकाळी.

सांगून पटत नाही तर दाखवायचं ठरवलं. ॲम्प बाहेर तिच्या खाटेजवळ आणायचा. बॉक्स एकट्याने उचलत नाही, म्हणून गुंडप्पांना बोलावलं. म्हणजे त्यांनाही सांगावं लागलं. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. हरभरा आठवत असावा. मग बॉक्सची एक बाजू धरली.

अंगणात लावला. चार मिनिटांनी सुरू झाला. फट. फट. फट. टाकीशिवाय त्यात दमच नव्हता. आईने नीट कान देऊन ऐकलं. म्हणाली, ह्यो तर फटफटीवानी वाजतोय. ह्यो न्हवं त्यो. गुंडप्पांनाही वाटलं, न्हवं गुरुजी. दोघांनी माझ्याकडे इतक्या मायेने पाहिलं की क्षणभर मलाही वाटलं, आपण उगाच स्वतःवर आळ घेतोय.

बॉक्स परत झाकणावर नेला. आई आत यायला तयार नव्हती. म्हटलं, तू बाहेरच बस. मी आत बसतो. आवाज आला तरी मी बाहेर येणार नाही. मग तरी पटेल ना, की भिण्यासारखं काही नाही? ती नको नको म्हणत होती. मी गेलो. गुंडप्पांनी ओसरीवरून बटण दाबलं.

ॲम्प चालू असताना मी त्या खोलीत कधीच नव्हतो. गोधड्या काढल्या. दोन व्हॉल्व्ह शांत पेटले होते. चांगले दिसत होते. मग आवाज आला.

पुढचं जसं झालं तसं लिहितो. तो आवाज कुठून येतोय हे मला पूर्ण माहीत होतं. स्पीकरचा पडदा पुढेमागे होताना समोर दिसत होता. झाकण थरथरत होतं, मग फरशी, मग माझे पाय, मग दात. आणि मी टेबलाखाली होतो. कधी गेलो ते आठवत नाही. दोन्ही हात डोक्यावर. ओरडलो का, ठाऊक नाही. गुंडप्पा म्हणतात ओरडलात. आईला हाक मारली म्हणतात.

आई आत आली. पंचवीस दिवस उंबऱ्याच्या आत पाय न ठेवलेली, अंगात ताप असलेली, सत्तर वर्षांची बाई पळत आली. माझं मनगट धरलं आणि मला टेबलाखालून ओढून काढलं. मी चव्वेचाळीस वर्षांचा, वजन ब्याऐंशी किलो. दारापर्यंत नेलं. तिथे ती थांबली. घर जागेवर होतं. बॉक्स वाजत होता. तिने मनगट सोडलं नाही, तशीच मला घेऊन मागे गेली आणि दुसरा हात बॉक्सवर ठेवला. विचारलं, ह्योच? म्हटलं, व्हय.

बराच वेळ हात तसाच ठेवला. मग गुंडप्पांना म्हणाली, बंद करा वो त्येला. आवाज थांबला. ती फरशीवर बसली आणि रडली. शिवकन्येचं नाव घेऊन रडली. मीही रडलो. गुंडप्पा अंगणात जाऊन पाठ करून उभे राहिले.

सोमवार, ८ डिसेंबर.

काल रात्री आई घरात झोपली. ताप उतरतोय.

गुंडप्पांनी दुकानात सगळ्यांना सांगितलं. सांगू नका म्हणायचा अधिकार मला नव्हता. मारलं कुणी नाही. गुरुजीच म्हणतात अजून, फक्त म्हणताना हसतात. नववीच्या वर्गात फळ्याकडे वळलो की मागून बाक वाजतो, धप धप धप. मी न ऐकल्यासारखं करतो.

एक गोष्ट राहिली लिहायची. मी काल बाहेरच झोपलो. सोबत कुणाचीच नव्हती. आत जायचा प्रयत्न केला, उंबऱ्यापर्यंत गेलो. आवाज माझा होता, बटण माझं होतं, सगळं कळतं. तरी छताखाली आडवं व्हायला जमेना. मला भीती वाटते. बत्तीस वर्षं वाटते. मी शाळेत सर्वांत आधी पोचतो आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसतो, ते वक्तशीरपणामुळे नव्हे.

मंगळवार, ९ डिसेंबर. सकाळी ६.

जाग आली तर शेजारी आईची खाट. रात्री कधीतरी स्वतः ओढत आणली तिने. खोकत होती. म्हटलं, आई, आता काय झालं? तुला दाखवलं ना, खाली काही नाही. ती म्हणाली, व्हय, मला म्हाईत हाय काय न्हाय ते. पर तू हाईस न्हवं हितं एकला, भितुयस. म्हनून आले.

सव्वा महिन्याच्या कामानंतरची स्थिती: टोन पातळ. आई पुन्हा बाहेर.

बुधवार, १० डिसेंबर. सकाळी.

वर्षाराणी काल दुपारी परत आली.  चहा पिऊन वीस मिनिटांत जुने कपॅसिटर परत बसवून दिले. मी शेजारी बसलो होतो, तार धरून. दोन्ही हातांनी.

रात्री जेवणं झाल्यावर आईची खाट मी आत नेली. मग माझी नेली, कारण तिने सांगून टाकलं होतं की तू जितं, म्या तितं. आई पडल्या पडल्या घोरायला लागली. मी छताकडे बघत पडलो. दार उघडं ठेवलं होतं, उठून पळायला बरं. पण गार वारा थेट तिच्या अंगावर येत होता, आणि ती झोपेत पाय पोटाशी घेत होती. तासभर बघत राहिलो. मग उठलो आणि दार लावलं. कडी लावली नाही.